२३ किलोच्या आत आहे म्हणजे चालतं, हे कुणी ठरवलं?

दुसरीपाळी

नमस्कार मंडळी. मी एका गोदामात दुसऱ्या पाळीला असतो आणि सुरक्षा समितीवर कामगारांच्या बाजूने बसतो. प्रश्न जरा लांबलचक आहे, पण इथे या विषयातली माणसं वाचतात, म्हणून विचारतो.

आमचं काम म्हणजे पॅलेटवरची खोकी उचलून कन्व्हेअरवर ठेवणं. खोकं १८ किलोचं. पॅलेट जमिनीवरच असतं, त्यामुळे वरचे थर संपले की शेवटचा थर जवळजवळ पायाशी येतो. कन्व्हेअर समोर नाही, बाजूला आहे. उचलायचं, कमरेतून वळायचं, ठेवायचं. पाळीभर हेच. माझ्या ओळीतल्या बहुतेकांना कधी ना कधी उसण भरली आहे. एक जण तर खुर्चीतून उठताना टेबल धरून उठतो, आणि त्याने अजून पस्तिशीही गाठलेली नाही.

समितीत विषय काढला तेव्हा व्यवस्थापनाने सांगितलं की आंतरराष्ट्रीय संशोधनानुसार २३ किलोपर्यंत उचलायला हरकत नाही. तुमचं खोकं १८ चं, म्हणजे उलट पाच किलोची सवलत आहे. वर सगळ्यांना कमरेचे पट्टे वाटले, 'गुडघ्यात वाका, पाठ सरळ ठेवा' असं अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण दिलं आणि विषय मिटला.

मला भांडण काढायचं नाही, समजून घ्यायचं आहे. हा २३ चा आकडा आला कुठून? कुणी मोजला, कुणावर मोजला? शास्त्राने एकदा सांगितलं म्हणजे आमच्या पाठी सांगतायत ते खोटं का? आणि पट्ट्याचा खरंच उपयोग होतो का? काही जण म्हणतात, घातला की आधार वाटतो.

मोजपट्टी

दुसरीपाळी, तुमच्या व्यवस्थापनाने आकडा बरोबर सांगितला, पण त्या आकड्याला ज्या अटी जोडलेल्या आहेत त्या वाचलेल्या दिसत नाहीत. मी मूळची फिजिओथेरपिस्ट, आता कारखान्यांत आणि गोदामांत कामाच्या जागा मोजण्याचं काम करते. '२३ च्या आत आहे ना, मग चालतं' हे वाक्य मला इतक्या ठिकाणी ऐकायला मिळतं, की आज सविस्तरच लिहिते.

हा आकडा अमेरिकेतल्या 'नायॉश' या सरकारी संशोधन संस्थेचा. कामाच्या ठिकाणची सुरक्षा आणि आरोग्य यांवर संशोधन करणं हे तिचं काम. वजन उचलण्याबद्दल त्यांनी १९८१ साली पहिलं समीकरण दिलं, १९९१ साली ते सुधारलं, १९९३ मध्ये त्यामागचं शास्त्र शोधनिबंधातून मांडलं आणि १९९४ मध्ये वापरायची पुस्तिका काढली. सुधारित समीकरणात २३ किलो ही सुरुवात आहे. सगळं काही मनासारखं असेल तेव्हाचं ते वजन: ओझं अंगाजवळ, म्हणजे घोट्यांच्या मध्यापासून हातांपर्यंतचं आडवं अंतर २५ सेंटिमीटर, हात जमिनीपासून ७५ सेंटिमीटरवर, साधारण मुठी लोंबतात त्या उंचीला, अंग अजिबात वळलेलं नाही, पकड चांगली, उचल छोटी, आणि काम अधूनमधूनचं. यातली एकेक गोष्ट बिघडत गेली की २३ ला एकाहून लहान अपूर्णांकाने गुणायचं. असे सहा गुणक आहेत. तुमचं वर्णन वाचताना मला तरी त्यातले बहुतेक सगळे बिघडलेले दिसतात. तेव्हा तुमच्यासाठीची मर्यादा २३ असणं शक्यच नाही.

आता 'कुणावर मोजला' हा तुमचा प्रश्न. फार कमी लोक हे विचारतात, खरं तर पहिल्यांदा हेच विचारायला हवं. या समीकरणात तीन वेगवेगळ्या प्रकारचं संशोधन एकत्र आलं आहे.

पहिलं हाडांचं. कमरेच्या शेवटच्या मणक्याखालच्या चकतीवर किती दाब आला की धोका वाढतो? त्यासाठी मृतदेहांतले मणक्यांचे तुकडे यंत्रात घालून मोडेपर्यंत दाबले गेले. अशा प्रयोगांच्या आधारावर ३.४ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे ३५० किलो वजनाइतका दाब, ही मर्यादा धरली. (१८ किलोच्या खोक्याने एवढा दाब कसा येईल असं वाटेल. पण वाकल्यावर वरचं अंग आणि खोकं दोन्ही पेलून धरायला पाठीचे स्नायू मणक्यांना आवळतात, दाबाचा मोठा वाटा त्या आवळण्याचा असतो.) आता गंमत नव्हे, गंभीर गोष्ट सांगते. त्या तुकड्यांच्या ताकदीत जमीन-अस्मानाचा फरक होता. उपलब्ध मोजमापं एकत्र केली तेव्हा सरासरी ४.४ किलोन्यूटन आली, पण विखुरणी इतकी मोठी की सुमारे ३० टक्के तुकडे ३.४ च्या आतच मोडतील असा हिशेब निघतो. म्हणजे ही मर्यादा पाळूनही काही माणसांच्या पाठीला धोका उरतोच, आणि हे संशोधकांनी स्वतःच लिहून ठेवलेलं आहे.

दुसरं दमण्याचं. श्वासातल्या ऑक्सिजनवरून मिनिटाला किती ऊर्जा खर्च होते ते मोजतात. काम किती तासांचं आणि उचल कोणत्या उंचीची, त्यानुसार मिनिटाला २.२ ते ४.७ किलोकॅलरी अशी मर्यादा ठरली.

तिसरं मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं, कारण त्यात माणसालाच विचारलं गेलं. स्नूक आणि सिरिएलो यांनी लिबर्टी म्युच्युअल या विमा कंपनीच्या प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं हे प्रयोग केले आणि १९९१ साली त्यांचे सुधारित तक्ते आले. प्रत्यक्ष कारखान्यांतले कामगार, स्त्रिया आणि पुरुष, बोलावले. हातात खोकं दिलं, त्यात शिशाचे छर्रे घालायची किंवा काढायची मुभा दिली, आणि नुसत्या डोळ्यांनी वजनाचा अंदाज येऊ नये म्हणून खोक्याला खोटा तळ ठेवला. सूचना अशी की पूर्ण पाळी काम करायचं आहे असं समजा. जितकं जमेल तितकं करा, पण फार थकवा येईल, धाप लागेल, अंग तापेल किंवा ताण पडेल इतकं नको. माणूस छर्रे कमी-जास्त करत जिथे थांबतो ते त्याला मान्य असलेलं वजन. अशा तक्त्यांवरून, आदर्श स्थितीत ७५ टक्के स्त्रियांना आणि ९९ टक्के पुरुषांना मान्य होईल असं वजन निवडलं, ते २३ किलो.

'आमच्या पाठी सांगतायत ते खोटं का' याचं उत्तर इथेच आहे. ज्या आकड्याच्या जोरावर तुम्हाला गप्प केलं, त्याचा एक मोठा पाया कामगाराने स्वतःच्या अंगाबद्दल दिलेली साक्ष हाच आहे.

दुसरी गोष्टही लक्षात घ्या. ७५ टक्केच का? ९० का नाही? ५० का नाही? हे कुठल्याही प्रयोगातून निघत नाही. अमुक वजन किती जणांना झेपतं हे संशोधन सांगतं. त्यावर रेघ कुठे मारायची हा माणसांनी घेतलेला निर्णय असतो, आणि मारलेल्या रेघेच्या पलीकडे नेहमी कुणीतरी राहतं. समितीत बसताना हे विसरू नका. तुमच्या ओळीतल्या ज्या बाईला आदर्श स्थितीतही २३ किलो जड जातं ती काही अशक्त नव्हे. रेघ मारतानाच स्त्रियांचा चौथा हिस्सा बाहेर ठेवला गेला आहे.

पट्ट्याबद्दल. यावर नायॉशनेच मोठी पाहणी केली, ती २००० साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापून आली. १६० दुकानांतले, माल हाताळणारे नऊ हजारांवर कर्मचारी. काही दुकानांत पट्टा सक्तीचा, काहींत ऐच्छिक. पाठीच्या दुखापतीच्या भरपाईच्या दाव्यांतही फरक दिसला नाही आणि पाठदुखीच्या तक्रारींतही नाही, रोज पट्टा घालणाऱ्यांत आणि न घालणाऱ्यांतसुद्धा. 'आधार वाटतो' हे तुमच्या मित्रांचं म्हणणं खरं असेल, वाटत असेल. पण दुखापत टाळण्याचा उपाय म्हणून पट्टा वाटून मोकळं होणं याला पुरावा नाही.

प्रशिक्षणाचंही तसंच. १९९७ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये सुमारे ४,००० टपाल कर्मचाऱ्यांवरचा प्रयोग आला. काही गटांना पाठीची काळजी कशी घ्यायची याचं रीतसर शिक्षण, काहींना नाही. पाच वर्षांहून जास्त काळ पाठपुरावा केला. शिकलेल्यांचं ज्ञान वाढलं, दुखापती मात्र कमी झाल्या नाहीत. कसं वाकायचं हे माहीत असून काय उपयोग, जर खोकं पायाशी आणि कन्व्हेअर बाजूला असेल?

तुमच्याकडची मापं दिलीत तर हिशेब करून देते. साधी मोजपट्टी आणि घड्याळ पुरतं.

लाइन_इंजिनिअर

मोजपट्टी यांनी चांगलं लिहिलं आहे, पण दुसरी बाजूही मांडतो. मी लाइन आखतो. आम्हाला शेवटी एक आकडा लागतो, 'परिस्थितीनुसार' या उत्तरावर कन्व्हेअरची उंची ठरत नाही.

आणि संशोधन दर थोड्या वर्षांनी कूस बदलतं, त्याचं काय? १९८१ साली ४० किलो होते, दहा वर्षांत २३ झाले. मधल्या काळात ४० धरून ज्यांनी कामं आखली त्यांनी काय करायचं? बसण्याचंही तेच. आम्हाला शिकवलं होतं की उभं राहण्यापेक्षा बसल्यावर चकतीवर जास्त दाब येतो. नंतर कुठल्याशा मोजणीत तसं नाही असं निघालं. इतकं बदलणारं शास्त्र मानकात घालावं का, हा माझा मनापासूनचा प्रश्न आहे.

मोजपट्टी

लाइन_इंजिनिअर, प्रश्न रास्त आहे. आधी ४० आणि २३ चं बघू. हे ऐकायला अर्ध्यावर आल्यासारखं वाटतं, पण दोन्ही आकडे एकाच जागेचे नाहीत. १९८१ मध्ये ओझं अंगापासून १५ सेंटिमीटरवर धरलं होतं. इतकं जवळ ओझं धरलं तर पोट आणि मांड्या मध्ये येतात, बहुतेकांना ते जमतच नाही, म्हणून १९९१ मध्ये मूळ अंतर २५ सेंटिमीटर केलं. जुन्याच समीकरणात २५ सेंटिमीटर घालून बघा: ४० गुणिले १५ भागिले २५, उत्तर २४. म्हणजे खरा बदल एका किलोचा. बाकीचा फरक अंतराचा आहे. शिवाय जुनं समीकरण फक्त समोरासमोरच्या उचलीचं होतं, वळून उचलण्याचा गुणक त्यात नव्हता. पॅलेटसमोर उभं राहिलेल्या प्रत्येकाला माहीत होतं की माणसं वळतात. समीकरणात ते दहा वर्षांनी आलं.

बसण्याचं प्रकरण मला वेगळं वाटतं, आणि तिथे तुमच्या शंकेत तथ्य आहे. १९६० च्या दशकात स्वीडनमध्ये नाकेमसन यांनी जिवंत माणसांच्या चकतीत सुई घालून दाब मोजला. हे धाडसाचं काम होतं, आणि आधाराशिवाय बसल्यावर दाब उभं राहण्यापेक्षा जास्त, हा निष्कर्ष पुढे कितीतरी पुस्तकांत आणि खुर्च्यांच्या माहितीपत्रकांत गेला. १९९९ मध्ये जर्मनीत विल्के आणि सहकाऱ्यांनी नव्या संवेदकाने पुन्हा मोजलं, तर सैल बसल्यावरचा दाब उभं राहण्याइतकाच, किंबहुना किंचित कमी आला. पण ही मोजणी एकाच माणसावरची होती! एवढ्यावरून 'बसा, काही होत नाही' असं मानक करणं जितकं चुकीचं, तितकंच जुन्या निष्कर्षाला ब्रह्मवाक्य मानणं चुकीचं.

त्याच मोजणीतला एक भाग मात्र बाकी सगळ्या पुराव्याशी जुळतो आणि इथे कामाचा आहे. २० किलो वजन पाठ गोल करून वाकून उचललं तेव्हा चकतीतला दाब २.३ मेगापास्कल, गुडघे वाकवून उचललं तेव्हा १.७, आणि तेच वजन अंगाशी धरलेलं असताना १.१. वजन तेच. ओझं अंगाशी धरल्यावर दाब निम्म्याखाली आला. म्हणून मी लाइन आखणाऱ्यांना किलोआधी अंतर विचारते.

आणि एकच आकडा हवा असेल तर तो आहे, फक्त किलोत नाही. २३ ला सगळ्या गुणकांनी गुणून येतं ते शिफारस केलेलं वजन. प्रत्यक्ष वजनाला त्याने भागलं की 'उचल निर्देशांक' येतो. एकच्या आत आणायचा प्रयत्न करायचा. तीनच्या वर गेला तर त्या कामात बऱ्याच जणांच्या पाठीला धोका आहे असं धरायचं. तुमच्या आखणीच्या तक्त्यात एक स्तंभ वाढवा, कन्व्हेअरची उंची आपोआप ठरेल.

रात्रड्यूटी

मी वॉर्डात परिचारिका आहे. खोक्यांचं वाचून राहवलं नाही. खोक्याचं वजन निदान लिहिलेलं असतं, खोकं मध्येच घाबरून तुमच्या गळ्याला मिठी मारत नाही. आमच्याकडे माणूस असतो. त्याला कूस बदलून द्यायची, खुर्चीत बसवायचं, पडत असेल तर सावरायचं. आणि तुमच्यासारखंच आम्हालाही अंग कसं वापरायचं ते शिकवलं जातं आणि पाठ धरली की विचारतात, 'तुम्ही चुकीचं उचललं का?'

रुग्ण उचलण्याबद्दल कुठे काही मर्यादा लिहिलेली आहे का? आणि संशोधन एवढं असेल तर ते नियमात का येत नाही?

मोजपट्टी

रात्रड्यूटी, आहे. नायॉशचं समीकरण रुग्णांसाठी नाही असं सुरुवातीपासून लिहिलेलं होतं, नेमकं तुम्ही सांगितलेल्या कारणासाठी: रुग्ण हलतो, धरायला नीट जागा नसते, पलंगामुळे जवळ जाता येत नाही. पुढे त्या समीकरणावर काम केलेल्या वॉटर्स यांनीच २००७ साली हिशेब मांडला की रुग्ण शांत आहे, सहकार्य करतोय आणि अंगाजवळ आहे अशा बऱ्या परिस्थितीतही एका व्यक्तीने ३५ पौंड, म्हणजे सुमारे १६ किलोपेक्षा जास्त भार घेऊ नये. त्याहून जास्त असेल तर उचलयंत्र किंवा सरकपट्टी वापरा. आता असं बघा, माणसाचा एक पाय त्याच्या वजनाच्या साधारण १६ टक्के भरतो. ११० किलोच्या रुग्णाचा नुसता एक पाय ड्रेसिंगसाठी उचलून धरला तरी मर्यादा ओलांडली. 'तुम्ही चुकीचं उचललं का' या प्रश्नाला जागाच राहत नाही. बरोबर उचलायची पद्धत असते हेच त्यात गृहीत धरलेलं आहे, आणि एवढ्या वजनाला हातांनी उचलायची बरोबर पद्धत नाही.

नियमात का येत नाही, हा दुखरा प्रश्न आहे. अमेरिकेत नोव्हेंबर २००० मध्ये एर्गोनॉमिक्सचं, म्हणजे काम माणसाच्या अंगाला जुळवून आखण्याचं, सर्वंकष मानक जाहीर झालं. त्याआधी १९९७ मध्ये नायॉशने कुणाला कोणत्या कामाने दुखणं होतं यावरचे ६०० हून जास्त अभ्यास चाळून अहवाल दिला होता. जानेवारी २००१ मध्ये राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीचा अहवाल आला, त्यात ओझी उचलणं, सतत वाकणं-वळणं, सर्वांगाला बसणारी कंपनं यांचा पाठीच्या दुखण्याशी संबंध स्पष्ट मांडला होता. मार्च २००१ मध्ये तिथल्या संसदेने ते मानक रद्द केलं. पुरावा कमी पडला म्हणून ते गेलं असं मला वाटत नाही. खर्च कुणी सोसायचा यावर ते अडलं. युरोपने १९९० च्या निर्देशात वेगळा मार्ग घेतला. त्यात किलोची मर्यादाच नाही. हाताने उचलणं आधी टाळा, टाळता येत नसेल तर ओझं, जागा, हालचाल, वेळ सगळ्याचं मूल्यमापन करा, अशी जबाबदारी मालकावर टाकली. मला हा मार्ग पटतो, कारण त्यात 'आत आहे ना' म्हणायची पळवाट उरत नाही. मात्र मूल्यमापन करणारा माणूस प्रामाणिक आणि जाणता लागतो.

किती वेळ लागतो याचं एक उदाहरण देते. १९१८ साली डॉ. अॅलिस हॅमिल्टन यांनी अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या चुनखडीच्या दगडावर हवेच्या हातोड्याने काम करणाऱ्या कारागिरांची तपासणी केली. थंडीत त्यांची बोटं पांढरी पडत, बधिर होत. कारण हातोड्याचं कंपन, हे तेव्हाच लिहिलं गेलं. हाताला बसणाऱ्या कंपनाची मर्यादा (आठ तासांच्या सरासरीने दर सेकंदवर्गाला ५ मीटर, आणि २.५ वर उपाय सुरू करा) युरोपच्या निर्देशात आली २००२ साली. मध्ये चौऱ्याऐंशी वर्षं आणि कामगारांच्या तीन-चार पिढ्या.

दुसरीपाळी

सगळ्यांचे आभार. काल पाळी सुरू व्हायच्या आधी मोजून घेतलं, सोबतीला सुपरवायझरही आला, त्याचीही पाठ दुखते. खालच्या थराचं खोकं धरताना हात जमिनीपासून १५ सेंटिमीटरवर. घोट्यांपासून हातांपर्यंत आडवं अंतर ४०, कारण पॅलेटची कड मध्ये येते. कन्व्हेअरवर ठेवताना हात १०५ वर. वळणं साधारण ४५ अंश. मिनिटाला दोन खोकी, आठ तास. खोक्याला कान नाहीत, पण तळाशी बोटं नीट अडकतात.

मोजपट्टी

उत्तम मोजलंत. सुपरवायझरला बरोबर घेतलंत हे तर फारच चांगलं झालं.

बघा, २३ पासून सुरू करू. आडवं अंतर ४०, त्याचा गुणक २५ भागिले ४०, म्हणजे ०.६२५. इथेच २३ चे १४.४ झाले. उंची १५, म्हणजे ७५ पासून ६० सेंटिमीटर खाली, दर सेंटिमीटरला ०.००३ वजा, गुणक ०.८२. उरले ११.८. उचल १५ ते १०५, म्हणजे ९० सेंटिमीटरची, गुणक ०.८७. उरले १०.३. वळण ४५ अंश, गुणक ०.८६. उरले ८.८. मिनिटाला दोन, आठ तास, हा गुणक तक्त्यातून घ्यायचा, ०.६५. उरले ५.७. पकड मध्यम, खाली वाकून धरताना ०.९५. शेवटी शिफारस केलेलं वजन सुमारे ५.४ किलो.

तुमचं खोकं १८ चं. निर्देशांक ३.३.

आता माणूस तोच, खोकं तेच, वेग तोच ठेवून फक्त जागा बदलू. पॅलेट उचलटेबलावर ठेवा, खोकी जातील तसं टेबल वर येईल आणि हात कायम ७५ च्या आसपास राहतील. पॅलेट फिरतं असेल तर जवळची बाजू पुढे घेता येईल, अंतर ३० वर येईल. कन्व्हेअरचं तोंड समोर घ्या, म्हणजे वळणं संपलं. अंतराचा गुणक ०.८३, उंचीचा १, उचल ३० सेंटिमीटरची म्हणून ०.९७, वळणाचा १, वेगाचा ०.६५ तसाच, पकडीचा या उंचीला १. उत्तर सुमारे १२ किलो, निर्देशांक १.५. अजून एकच्या आत नाही. तेवढ्यासाठी खोकं हलकं करा, किंवा माणसं आळीपाळीने बदला, म्हणजे कुणाच्या वाट्याला हे काम सलग दोन तासांपेक्षा जास्त येणार नाही आणि मध्ये पुरेसा वेळ हलकं काम मिळेल. तसं केलं तर वेगाचा गुणक ०.८४ होतो, निर्देशांक १.१५ च्या आसपास येतो, म्हणजे एकच्या अगदी आत नाही, पण जवळ.

समितीत जाताना हे दोन्ही हिशेब शेजारी शेजारी एका कागदावर न्या. व्यवस्थापनाने ज्या समीकरणाचं नाव घेतलं तेच वापरलं आहे, म्हणून ते नाकारायला त्यांना अवघड जाईल. सोबत उसण भरल्याच्या नोंदी न्या, कोणत्या थराला, पाळीच्या कितव्या तासाला, तेवढं लिहिलं तरी पुरे. नावं घालू नका.

लाइन_इंजिनिअर

तुमचा हिशेब मी आमच्या एका लाइनला लावून बघितला. आमचाही २ च्या वर आला. आमच्याकडे मिनिटाला दोन असं एकसारखं येत नाही, अर्धा तास भडिमार आणि मग शांतता. मग सरासरी घ्यायची का?

मोजपट्टी

पंधरा मिनिटांचे नमुने घ्या, त्यावरून सरासरी वेग काढा. भडिमारात लोक वेगळ्याच चालीने उचलतात, म्हणून त्या वेळचं स्वतंत्र गणित करा आणि जो निर्देशांक जास्त येईल तो धरा. दिवसभराची सरासरी काढून भडिमार दडवू नका.

दुसरीपाळी

कागद तयार केला. सुपरवायझरने उचलटेबलाची मागणी स्वतःच्या सहीने पुढे पाठवली, समितीची बैठक अजून व्हायची आहे. एक राहिलं. सणाच्या आधी किंवा महिनाअखेरीला आम्ही दहा-अकरा तास थांबतो. तेव्हा आठ तासांच्या गुणकाऐवजी कोणता धरायचा?

मोजपट्टी

कोणताच नाही. तक्ता आठ तासांवर संपतो. त्यापुढच्या तासांसाठी हे समीकरण लागूच होत नाही, तसं पुस्तिकेत लिहिलेलं आहे. एका हाताने उचलणं, बसून किंवा गुडघ्यावर टेकून उचलणं, निसरडी जमीन, खूप उकाडा, हेही त्याच्या बाहेर. तेव्हा नवव्या तासाला '२३ च्या आत' म्हणणाऱ्याकडे कसलाच आधार नाही. कागदावर तळाला ही ओळ वेगळी लिहा: जादा तासांत हे काम थांबवून त्या लोकांना दुसरं काम द्यावं. आणि बैठक झाली की काय म्हणाले ते इथे टाका. आक्षेप आले तर एकेकाचं उत्तर काढू.